मोहरेवरचं कुंकू

कंपनीच्या एजंटाने अंगठा जिभेला लावला आणि तोच ओला अंगठा मशीनच्या मोहरेवर घासला, तेव्हा कस्तुराबाई एक पाऊल मागे सरली. मोहर लाखेची, बंद्या रुपयाएवढी. शिवणमशीनच्या पाठीला जे वाटोळं झाकण असतं, त्याच्या स्क्रूवर कंपनीने बसवलेली. तिच्यावर अठरा वर्षांचं कुंकू होतं. दर खंडेनवमीला एक बोट. जुनं पुसायचं नाही, त्याच्यावरच नवं. एजंटाला त्या कुंकवाखालचा छाप पाहायचा होता. फडक्याने पुसला असता तरी दिसला असता, पण त्याने थुंकी लावली. पानाची लाल थुंकी आणि कुंकू एक झालं, तांबडा चिखल झाला, आणि तो चिखल त्याने बसल्या जागी गादीच्या कडेला पुसला. मोहर शाबूत आहे म्हणाला, एखादी मुलगी तपासून सांगावी तसा. मग त्याने बोटाच्या पेराने मशीनच्या अंगावर दोनदा टकटक केलं, चाकाला एक हिसका दिला, चाक जागचं हललं नाही, आणि त्याने मान हलवली. मशीन मेलं. बाईमाणसाने उलटं चाक फिरवलं, वरून राकेल घातलं. कंपनीचं मशीन राकेलने मरतं. आता जुनं द्या आणि नवं घ्या. आणि घरी नेऊन कुठल्या लोहाराकडून उघडू नका, मोहर गेली की कंपनी ओळखही देणार नाही.

कस्तुराबाईला पाहिजे होतं तेच तो बोलला होता. अगदी तेच, शब्दाला शब्द. याच वाक्यासाठी ती बाजाराच्या गर्दीत हमालाच्या डोक्यावर मशीन देऊन इथवर आली होती. मोटरस्टँडवर तिचा मुलगा जगदेव आणि सून ललिता पत्र्याची पेटी घेऊन रिसोडच्या मोटरची वाट पाहत बसले होते. ललिता रिसोडची. तिला बापाच्या दारात उतरवायचं, मशीन तिच्याच हाताने बिघडलं हे एजंटाच्या तोंडचं सांगायचं, आणि बोलावणं येईल तेव्हा ये म्हणायचं. वाक्य हातात आलं होतं. पण ते कसं आलं होतं, तर थुंकीने ओलं होऊन. एजंटाच्या दुकानाच्या ओट्यावरून उतरताना कस्तुराबाईने लुगड्याचा पदर नाकाला लावला. तो वास बाजाराचा होता, पानाचा होता की त्या वाक्याचा, ते तिला कळेना. उष्टी भाकर कुणी ताटात टाकावी आणि भूक लागली असताही हात पुढे होऊ नये, तसं झालं होतं तिला.

किळस हा कस्तुराबाईचा दागिना होता. इंझोरीला असताना ती डोळे मिटून सांगायची, हे ताक कोणत्या घरचं. तुपात डालडा मिसळला की नाही हे बोटावर घेऊन नाकाशी नेलं की संपलं. दुसऱ्याच्या घरी ती पाणी प्यायची ते भांडं स्वतः विसळून, आणि लोक रागवायचे नाहीत, उलट आपलं भांडं हिला चाललं याचा त्यांना गर्व वाटायचा. शाळेची दुसरी यत्ताही पुरी झाली नव्हती, पण नाक होतं. जगदेवला वाशीमच्या कोर्टात कारकुनी लागली आणि ती गावातून शहरात आली, तेव्हा तिला पहिले सहा महिने जेवण गेलं नाही. एका नळावर चाळीस घरं. गटार वाहतं ते उघडं, आणि त्याच्याच काठावर माणूस बसून भजी खातो. हॉटेलात ज्या कपात एकाने चहा प्यायला तोच कप बादलीत बुडवून दुसऱ्याला. ही माणसं जगतात कशी, तिला वाटे. यांना शिसारी कशी येत नाही. हळूहळू गल्लीतल्या बायका तूप घेताना, पीठ घेताना तिला बोलवायला लागल्या. जरा वास घ्या ना, कस्तुराबाई. ती घ्यायची. तिने नको म्हटलं की विकणारा वाद घालत नसे.

हमाल पुढे चालला होता. लाकडी झाकणाच्या पेटीत मशीन, पेटीवर हमालाचा काळा हात. पुंजाजीने हे मशीन आणलं त्या दिवशीही ते असंच डोक्यावरून आलं होतं, इंझोरीच्या पांदीच्या वाटेने, आणि मागे निम्मं गाव. पुंजाजी तिचा नवरा. आता जाऊन नऊ वर्षं झाली. कपाशीचं साल चांगलं गेलं तेव्हा त्याने बैलजोडी घेतली नाही, अकोल्याला जाऊन मशीन घेतलं, कारण पंचक्रोशीत कुणाकडे नव्हतं. त्याने सगळ्यांसमोर मोहरेवर बोट ठेवून सांगितलं होतं, हे झाकण कंपनीच्या माणसाशिवाय कोणी उघडायचं नाही. कस्तुराबाईच्या अंगावर तेव्हा काटा आला होता. तिच्या घरात तोवर न उघडणारी वस्तू नव्हती. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावणारी बाई दारात बसायची आणि दोन्ही दगड उलथे पाडून छिन्नीने ठोकायची, भांड्याला कल्हई दारात, वखराच्या पासेला धार दारात, कुलूप अडलं तर पुंजाजी तेही दगडावर ठेवून उघडायचा. सगळ्या वस्तूंची आतडी तिने पाहिलेली. आणि ही एकच वस्तू अशी, की जिच्या पोटात काय आहे हे विचारायचं नाही. मोठ्या घरच्या बाईसारखी. त्या दिवसापासून कस्तुराबाईला वाटे, न उघडणं हेच खानदान. शिवायला ती फारशी कधी बसलीच नाही, दोन झबली, चार पोलकी. मशीन बसलेलं असायचं, तीही बसलेली असायची. नवमीला मात्र ती ते पुसायची, हळद लावायची, मोहरेला कुंकू, आणि मशीनच्या डोक्यावर जी बारीक भोकं असतात त्यांच्यात तेल. बाजारचं नाही. आपल्या वावरातल्या जवसाचं, घाण्यावर डोळ्यांदेखत काढलेलं, सोनं दिसावं असं. वाशीमला आली तरी तिची तेलाची बरणी इंझोरीहून यायची. या नवमीलाही तिने दर भोकात पळीपळी सोडलं होतं, दर वर्षापेक्षा सढळ हाताने, कारण हल्ली मशीन कुरकुरत होतं. आणि पूजेत ठेवलेली वस्तू दसऱ्यापर्यंत वापरायची नाही. पुढचे चार दिवस ललिता बाजूला बसली होती, तिचा हात लागायचा प्रश्नच नव्हता. सहाव्या दिवशी ललिता न्हाऊन मशीनवर बसली, तर चाक फिरेना.

आणि तेव्हा तो वास आला. राकेलचा. कस्तुराबाई परसातून आत आली तर ललिता मशीनवर वाकलेली, हातात कापसाचा बोळा. गल्लीतल्या तिघी बायका दळण घेऊन दारातच होत्या. कस्तुराबाईने सुनेचा हात मनगटाला धरून वर उचलला, त्या तिघींसमोर, आणि नाकाशी नेला. "राकेल," ती म्हणाली. फक्त एक शब्द. आजवर तिच्या नाकाला कुणी खोटं पाडलं नव्हतं. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. ललिताने हात सोडवून घेतला नाही, वर पाहिलंही नाही. तीन वर्षं ती या घरात गल्लीतल्या पोरींचे परकर शिवत होती आणि तीन वर्षं कस्तुराबाईला अधूनमधून मशीनजवळ तो वास येत होता. आपल्याला वाटलं दिव्याच्या चिमणीचा असेल. तर ही तीन वर्षं चोरून माझ्या मशीनला विष पाजत होती. त्याच रात्री तिने जगदेवकडून रिसोडला पत्र घालायला लावलं. जगदेव कोर्टातल्यासारखं लिहायचा. आपल्या कन्येने हेतुपुरस्सर. कस्तुराबाईला त्या शब्दाचा अर्थ कळला नाही, पण तो जड होता, म्हणून तिने तो राहू दिला.

हात नाकाशी नेण्याचं तिने कुणाकडून उचललं, हे तिला चालता चालता आठवलं, आणि नको असताना आठवलं. तिची सासू, मनकर्णाबाई. लोणच्याच्या मोठ्या बरणीला बुरा आला होता, आणि आखाडातल्या दुपारी ओसरीवर बसलेल्या बायकांसमोर मनकर्णाबाईने दोघी सुनांना उभं केलं आणि एकेकीचा हात हुंगला. कस्तुराबाईचा आधी. सासूच्या नाकाचं थंड टोक तळहाताला लागलं होतं, ओलसर. मग धाकट्या जावेचा हात. तिथे ते नाक थांबलं. जाऊ माहेरी पोचवली गेली. बोलावणं येईल तेव्हा ये. बोलावणं गेलंच नाही. कोण पाठवणार, एकदा पोचवलेली सून म्हणजे विहिरीत पडलेली बादली, सगळ्यांना दिसते, गळ टाकायला कुणी उठत नाही. बरणी बुरसली होती ती कस्तुराबाईच्या ओल्या पळीने. ते तिला त्याच दिवशी माहीत होतं. मनकर्णाबाईच्या नाकाला कळलं नाही, एवढंच. आज इतक्या वर्षांनी, भर बाजारात, हमालाच्या पाठीमागे चालताना ती ओली पळी तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि तिने ती झटकली, माशी झटकावी तशी.

मोटरस्टँडच्या कडुलिंबाखाली रूपला बसत असे. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा माणूस, लढाईच्या वेळी पलटणीच्या कारखान्यात होता, तिथून हात शिकून आलेला. स्टोव्ह, गॅसबत्ती, कुलपं, शिवणमशीन, समोर पसरलेल्या गोणपाटावर सगळ्यांची आतडी उघडी. कस्तुराबाई इथून जाताना नेहमी पदर सावरून जायची. समोर पंचवीस पावलांवर पत्र्याच्या पेटीवर ललिता बसलेली दिसत होती, गुडघ्याशी हात, आणि जगदेव तिच्यापासून दोन हात दूर, कुणी ओळखीचा विचारील या भीतीने उगाच मोटरच्या चाकाकडे पाहत. आता फक्त तिथे जायचं आणि वाक्य द्यायचं. पण ते वाक्य हातात घेववत नव्हतं. ते दुसऱ्या तोंडून पाहिजे होतं, स्वच्छ. तिने हमालाला पेटी कडुलिंबाखाली उतरवायला सांगितली आणि रूपलाला उभ्याउभ्याच म्हणाली, पाहून सांग, मशीन राकेलने मेलं ना.

रूपलाने पेटीचं झाकण काढलं. चाकाला हात लावला, पण हिसका दिला नाही. नुसता धरून राहिला, वैद्याने नाडी धरावी तसा. मग मशीन वळवून मोहरेकडे पाहिलं.

"आत पाह्यल्याबिगर कसं सांगू, माय. हे काढा लागन."

"ते काढता येत नाई. कंपनीचं हाय."

"कंपनीचं कसं? मशीन कोनाचं हाय?"

"माह्यं."

"मंग लाखही तुमचीच. पन मी नाई तोडत. उद्या म्हनसान रूपलानं तोडली. तुमी तोडा."

त्याने पेचकस तिच्यापुढे धरला. दांड्याला काळं वंगण लागलं होतं, त्याच्या बोटांचा घाम होता. तो पेचकस घ्यायचा म्हणजे ते बोट घ्यायचं. आणि मोहरेवर अजून एजंटाची थुंकी वाळत होती. कस्तुराबाईला कळलं की ती आता अशा जागी उभी आहे जिथे सगळ्याच बाजूंनी घाण आहे, आणि एकच निवडायची. तिने पेचकस घेतला. गोणपाटाच्या कडेला बसली. टोक लाखेखाली घातलं, दाबलं. अठरा वर्षांचं कुंकू पापुद्र्यांनी सुटून तिच्या मांडीवर पडलं, वर ताजं, खाली तपकिरी, आणि लाख एका कोपऱ्यातून तडकली तेव्हा एवढासाच आवाज झाला, भुईमुगाची शेंग फोडावी एवढा. तिला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल. काही झालं नाही. मोटरच्या टपावर कुणीतरी बोचकं चढवत होतं.

झाकण निघालं. रूपलाने मशीन उजेडाकडे धरलं आणि कस्तुराबाईने पहिल्यांदा त्याच्या पोटात पाहिलं. पोलादाच्या दांड्या असतील, चकचकीत, घड्याळासारखं काही, असं तिला वाटलं होतं. आत होता चिकटा. तांबूस, पिवळा, कुठे काळपट, सर्दी झालेल्या पोराच्या नाकाखाली वाळावा तसा, दांड्यांच्या सांध्यांवर थरावर थर. त्याच्यात धाग्यांचे तुकडे, एक मेलेलं झुरळ पाय वर करून, बाभळीच्या डिंकात अडकावं तसं. जिथे वरचा थर ताजा होता तिथे तो ओढला की तार निघत होती. रूपलाने नख घातलं, एक गोळा काढला आणि तिच्या नाकाशी नेला. नेला नसता तरी चाललं असतं. तिला तो वास पांदीतून आल्यासारखा आला. घाण्याच्या बैलाचा, गरम पेंडीचा, आपल्या वावराचा, फक्त कुजलेला, खवट, माशासारखा.

"जवस," रूपला म्हणाला. "जवस सुकते, माय. दारं रंगवतात त्यानं. लाखेसारखं कडक होते. मशीनले मशीनचंच तेल लागते, पातळ, छोट्या शिशीतलं." त्याने काडीने दुसरा सांधा खरवडला. "आनि हे पाहा. इथून इथवर चिकटा धुतला हाय कोनीतरी. राकेलनं. घडी घडी. वरच्या भोकातूनच, उघडता येत नसन म्हनून. त्याच्यानंच चाललं हे इतके दिवस. नाईतर कवाचंच बसलं असतं. यंदा कोनी लई ओतलं वाटते, अन् धुनाऱ्याले टाइम भेटला नाई. तेल कोन घालते घरी?"

तो विचारत होता ते आपलं कामापुरतं. मान वर करूनही पाहत नव्हता. कस्तुराबाईच्या डोळ्यांपुढे छोटी शिशी आली. पहिल्याच दिवाळीला ललिता रिसोडहून आली होती तेव्हा तिच्या ट्रंकेत होती. आत्याबाई, आमच्या इथला शिंपी हे घालते. आणि आपण काय म्हणालो होतो. घरी सोन्यासारखं जवस असताना बाजारची घाण माझ्या मशीनच्या पोटात नाही जाणार. आपण ती शिशी उकिरड्यावर टाकली होती, चिमटीत धरून. ललिता त्यानंतर तेलाबद्दल कधी बोलली नाही. तिने चिमणीतलं राकेल काढून घेतलं होतं, आणि दर नवमीनंतर बोळ्याने ते थेंबथेंब सोडून, सासूने पाजलेलं विष धूत बसली होती, तीन वर्षं, आणि मनगट धरून वर उचललं तेव्हाही ती बोलली नाही. कस्तुराबाईला त्या न बोलण्याचा राग आला. दया करते मेली. माझ्यावर. रागापाठोपाठ ओकारी आली, आणि ती झुरळाची नव्हती, थुंकीची नव्हती, वाशीमच्या गटाराची नव्हती. आयुष्यभर ती बाहेर नाक लावत फिरली होती. वास तिच्या बरणीतून येत होता.

"माय, तेल कोन घालते?" रूपलाने पुन्हा विचारलं.

मोटरवाल्याने भोंगा वाजवला. जगदेव पेटी उचलायला वाकला, मग आईला कडुलिंबाखाली गोणपाटावर बसलेली पाहून तसाच वाकलेला राहिला. बाजूने बाजारातली माणसं जात होती, त्यांच्यात गल्लीतल्या दोघी होत्या, आणि त्याही थांबल्या. ललिता उठून उभी राहिली. तिला एवढ्या अंतरावरून उघडं झाकण दिसत होतं. खाली काय निघालं असेल हे ती न बघताही जाणत होती, आणि कस्तुराबाईला हेही दिसलं की ती आपणहून पुढे येणार नाही, आणि मोटरीत बसून निघूनही जाईल, तोंडातून शब्द न काढता. राकेल म्हटलं की झालं असतं. या माणसाला काय कळतं, तांड्यावरचा, असं म्हटलं की गल्लीने मान्य केलं असतं. तिच्या नाकाला आजवर कुणी खोटं पाडलं नव्हतं. ती पळी पुन्हा डोळ्यांपुढे आली, ओली, लोणच्यात बुडताना. या वेळी ती झटकली गेली नाही.

"मी घालतो," कस्तुराबाई म्हणाली. मग गल्लीतल्या दोघींना ऐकू जावं एवढ्या आवाजात, "अठरा सालापासून मीच घालतो."

जगदेव पेटी घेऊन जवळ आला. तिकिटं काढली आहेत, मोटर सुटते आहे, असं काहीतरी हळू आवाजात म्हणाला. आई इथे काय करते आहेस, लोक पाहतात. कस्तुराबाईने त्याच्याकडे पाहिलं. कोर्टातला सदरा, कॉलर स्वच्छ, ती ललिताने धुतलेली. हेतुपुरस्सर. लिहिताना याने एकदाही विचारलं नव्हतं.

"तिकिट काढलं हाय तर तू जा," ती म्हणाली. "पेटी ठेव इथंच. व्याह्याले सांग, मशीन सासूनं मारलं, अन् वाचवत होती ते तुमच्या पोरीनं. हेच सांग. तुह्या कोर्टाची भाषा नको लावू."

"अवं पन आई..."

"मोटर सुटून राह्यली."

तो गेला. पाठ वळवताना त्याचे कान लाल झाले होते, आणि पायरीवर चढताना त्याने एकदा मागे पाहिलं, कुणी थांबवेल म्हणून. कुणी थांबवलं नाही. मोटर धूर सोडत रिसोडच्या वाटेला लागली आणि धुळीतून ललिता सावकाश गोणपाटापाशी आली. ती रडत नव्हती. रडली असती तर कस्तुराबाईला बरं झालं असतं, डोळे पूस म्हणून खेकसता आलं असतं. ललिताने फक्त उघड्या मशीनकडे पाहिलं, अशा नजरेने की जणू एवढी वर्षं भिंतीपलीकडून जिचा कण्हण्याचा आवाज ऐकला ती बाई आज दिसली.

रूपला पसाऱ्यातून काही शोधत होता. दोन दिवस राकेलमध्ये भिजवून ठेवावं लागेल, मग खरवडायचं, चालेल, का नाही चालणार, पोलाद आहे, असं आपल्याशीच बोलत होता. कस्तुराबाईने दोन बोटं मशीनच्या पोटात घातली. चिकटा थंड होता, आणि तो बोटांना सोडेना. तिने हात बाहेर काढला. तार लांबली, तुटली. गल्लीतल्या दोघी अजून तिथेच होत्या. कस्तुराबाईने तो हात त्यांच्यासमोर ललिताच्या नाकाशी नेला.

"वास घे," ती म्हणाली.

ललिताने मान मागे घेतली. घाणीने नव्हे. तो वास तिला तीन वर्षांपासून माहीत होता. तिने रूपलाच्या डब्यातलं राकेलचं फडकं उचललं, पिळलं, आणि सासूच्या तळहातावर ठेवलं.

"आधी मधला सांधा, आत्याबाई," ती म्हणाली. "तिथंच अडते ते."

कस्तुराबाईने फडकं धरलं. राकेल बोटांच्या भेगांतून झोंबत आत गेलं. मधला सांधा कोणता हे तिला माहीत नव्हतं. तिने मान खाली घातली आणि सून बोटाने दाखवील तिकडे पुसायला लागली.